‘सेटल’ आणि आमच्या घरची बैठक

“पोरगा एकदम सेटल हाय,” मध्यस्थांचा आवाज फोनमधून आला. घरातल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून दादानं फोन स्पीकरवर टाकून मधोमध ठेवला होता. “पुण्याकडं कंपनीत हाय, पर्मनंट हाय. फ्लॅटचं बघायलेत. आता तुमी निस्तं बैठकीचा दिवस सांगा.”

वहिनीचा भाकरी थापणारा हात थांबला. दादानं माझ्याकडं बघितलं. आणि खरं सांगते, मी मुलाचा विचार करतच नव्हते. मी त्या शब्दापाशी अडकले होते. सेटल! दिवसातून किती वेळा कानावर पडतो हा शब्द. पानटपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत. अमक्याचा पोरगा सेटल झाला. भावाभावांचं भांडण सेटल केलं. तमक्याचा धाकटा अजून सेटल न्हाई. मी ताडकळसच्या शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पोरांकडून ढीगभर शब्दांचे अर्थ घोकून घेतलेत, पण हा शब्द मुळात आला कुठून, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. डोक्यात भुंगा शिरला तो तिथंच.

दादा माझा थोरला भाऊ. त्याच्याच घरात, माडीवरच्या खोलीत मी राहते. लग्न केलं नाही; म्हणजे आधी झालं नाही आणि मग केलं नाही. पगार आहे, स्कुटी आहे, खोलीत पुस्तकांचं कपाट आहे, तरी मला कुणी कधी सेटल म्हटलेलं नाही. बाईला हा शब्द लावायचा असेल तर नवरा लागतो आणि पुरुषाला लावायचा असेल तर पगार, असा काहीतरी नियम दिसतो. तो ज्यानं केला त्याला मला एकदा भेटायचंय.

जिच्यासाठी हा फोन आला होता ती दादाची मुलगी, माझी पुतणी. कृषीची पदवी घेऊन परभणीहून परत आली आणि बापाच्या शेताच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर तिनं रोपवाटिका टाकली. हिरव्या जाळीचं शेडनेट, खाली ट्रेच्या रांगा, त्यात मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी, सणासुदीला झेंडू. पहिल्याच उन्हाळ्यात वावटळीनं सगळी जाळी उचलून शेजारच्या तुरीत नेऊन टाकली होती. दादा म्हणाला, पुरे झालं. ही दुसऱ्या दिवशी सुई-दोरा घेऊन फाटलेली जाळी शिवत बसली. वहिनी तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्यापेक्षा दुप्पट वेगानं शिवायला लागली. आता आठवडी बाजाराच्या दिवशी लोक मोटारसायकलला ट्रे बांधून रोपं नेतात, पार पोखर्णीकडूनही येतात. पोरीच्या हाताला गुण आहे असं म्हणतात. हाताला गुण-बिण काही नाही, ती पहाटेपासून राबते.

मुलगा आम्ही पाहिला होता. पोखर्णीच्या नृसिंहाच्या देवळात दोन्ही घरं भेटली होती, म्हणजे ‘सहज दर्शनाला’ आली होती. सभामंडपाच्या एका कोपऱ्यात दोघांना जरा बोलू दिलं. परत येताना जीपमध्ये मी तिला कोपरानं ढोसलं, “कसा वाटला?”

“बरा हाय,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाली, “आत्या, त्यो सवाल विचारतो अन् उत्तर संपूस्तर ऐकतो.”

आमच्या घराण्यातल्या एकाही पुरुषाबद्दल असं म्हणता आलं नसतं. मी मनातल्या मनात उडीच मारली. पण पुण्याला गेल्यावर रोपवाटिकेचं काय, हे ना तिनं त्याला विचारलं ना त्यानं काढलं. ते ठरवणं मोठ्यांचं काम, आणि मोठे ते बैठकीत ठरवणार होते. मुलगा तिला हवा होता, रोपंही हवी होती. दोन्ही मिळतील की एकावर पाणी सोडावं लागेल, एवढाच प्रश्न होता आणि त्यापायी तिचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

बैठकीच्या आधीच्या शनिवारी शाळा लवकर सुटली. कपाटात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आहे, त्याला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही. मी तो काढला, धूळ झटकली आणि उभ्या उभ्याच एस उघडला. आणि मग काय सांगू! मी तशीच मटकन खुर्चीत बसले, आणि बसल्यावर हसायलाच लागले, कारण पानावर तेच लिहिलं होतं. सेटल म्हणजे मुळात बसायची जागा. जुन्या इंग्रजीत त्या जागेला ‘सेट्ल’ म्हणत आणि त्यावरून क्रियापद झालं: कुणाला तरी जागेवर बसवणं. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत आजही सेटल म्हणतात. पगार नाही, फ्लॅट नाही, पुणे नाही. बाक!

पुढं वाचते तर आणखी गंमत. भांडण मिटवण्याचा जो अर्थ आहे, त्यात दुसराच एक जुना शब्द येऊन मिसळला असावा म्हणे, समेट करणे या अर्थाचा. दोन्ही कानाला सारखे लागायचे, होता होता एक झाले. म्हणजे बसणं आणि समेट करणं, दोन्ही एका शब्दात नांदायला लागले. मी शब्दकोश मिटला. याला आपण काय म्हणतो? बैठक म्हणतो! सोयरीक असो नाही तर बांधाचं भांडण, आधी सतरंजी अंथरतो, बसतो, आणि मग मिटवतो. तिकडं सातासमुद्रापार कोणीतरी नेमकं हेच केलं होतं आणि शब्दात भरून ठेवलं होतं.

मला एखादा शब्द सापडला की पोटात राहत नाही. शब्दकोश स्कुटीच्या पुढ्यात उभा केला, पायांनी दाबून धरला आणि थेट रोपवाटिकेवर गेले.

पुतणी ट्रेमध्ये मिरचीचं बी टाकत होती. एका खळग्यात एक बी, बोटाच्या टोकानं, मान वर न करता. मी जाळीच्या आत शिरले तीच बोलत. बाक, बसणं, समेट, सगळं एका दमात सांगितलं. ती बी टाकत राहिली.

“अन् आता मराठी बघ ना,” मी म्हणाले, “इंग्रजीत जिथं जिथं सेटल, तिथं तिथं आपल्याकडं बसणं! धूळ बसली. गाळ बसला. धंद्यात जम बसला. संसाराची घडी बसली. बस्तान बसलं. एकच क्रियापद एवढा संसार ओढतंय, आणि दोघांनी एकमेकांना न विचारता!”

“रोप बसत नसतंय आत्या,” ती म्हणाली. “रोप लागतंय. रोप बसलं म्हंजी गेलं.”

रोप बसलं म्हणजे मान टाकली. आवाज बसला. धंदा बसला. भिंत बसली. अगं बाई, हे तर राहूनच गेलं होतं! मी मांडीवर शब्दकोश उघडला, आणि तिथंही होतं: इमारतीचा पाया खचला की इंग्रजीतही तो सेटल होतो. दोन्ही भाषांत बसणं म्हणजे स्थिरावणंही आणि खचणंही. मी आनंदानं ओरडले तशी पलीकडच्या रांगेत पाणी मारणारी बाई दचकली.

“अजून हाय,” मी म्हणाले. आता मला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. “इंग्रजी आणि संस्कृत या दोघींचं मूळ फार फार मागं एकच धरतात. त्यातला बसणं या अर्थाचा जो धातू, त्याचंच हे पोर. आणि संस्कृतात त्याचा भाऊ कोण? सद्! सभासद, म्हणजे सभेत बसणारा. संसद, म्हणजे एकत्र बसणं. पाखराचं घरटं, तिकडं नेस्ट आणि आपल्याकडं नीड, तेही यातूनच, खाली बसायची जागा. आणि प्रसन्न! प्रसन्न म्हणजे गाळ खाली बसून नितळ झालेलं पाणी. कॉलेजात पाठ केलं होतं ग मी हे, पण ते सेटलचं भावंड आहे हे कुणी सांगितलंच नाही!”

इतक्या वेळात ती पहिल्यांदा हसली. शेडच्या कोपऱ्यात सिमेंटची टाकी आहे. विहिरीचं गढूळ पाणी रात्री त्यात सोडून ठेवायचं, नाही तर बारीक फवारे चोंदतात. “म्हंजी माझी टाकी रोज सकाळी प्रसन्न होती तर,” ती म्हणाली.

“होते ना!”

“बरं. अजून काय लिहिलंय त्यात?”

मी पान पुढं वाचलं. सेटल डाउन, म्हणजे एका जागी स्थिर होणं, घर मांडणं. आणि त्याच्याच खाली सेटल फॉर. हवं होतं ते मिळालं नाही, मग मिळालं त्यात भागवून घेणं. मी वाचलं आणि वाचून झाल्यावर वाटलं, हे वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

तिनं हातातलं बी परत वाटीत टाकलं. “आत्या, मग मी काय करायलेय? वरलं का खाललं?”

इतका वेळ माझ्या अंगात जी कारंजी उडत होती ती बंद झाली. मी म्हणाले, “बैठकीत विचारू.”

“बैठकीत कोण विचारणार? मी तर च्या देऊन आत येणार.”

हेही खरंच होतं. आमच्याकडच्या बैठकीची रीत सांगते. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरायची, भिंतीला लोड लावायचे. मुलाकडचे एका अंगाला, मुलीकडचे दुसऱ्या. मधे पानसुपारीचं तबक. सगळं मनासारखं ठरलं की मोठ्या माणसानं सुपारी फोडायची, म्हणजे सोयरीक पक्की. सुपारी न फोडता कोणी उठलं तर बैठक मोडली. आणि सतरंजीवर बसतो त्यालाच बोलायचा हक्क. बायका दाराआड. मुलगी चहा घेऊन येते, कप ठेवते, वाकून पाया पडते आणि आत जाते. तिथं तिच्या आयुष्याचं काय ठरलं ते तिला कपबशा गोळा करायला येणारी सांगते.

माझ्याही दोन बैठका झाल्या होत्या. दोन्ही मोडल्या. वहिनीची मात्र झाली आणि पक्की झाली. देवगाव फाट्याला तिच्या माहेरी रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. आजूबाजूच्या गावांतल्या बायका चोळ्या शिवायला तिच्याकडंच यायच्या. बैठकीत ठरलं की सून शेतात लागेल, मशीनची गरज नाही. मशीन धाकट्या बहिणीला गेलं. वहिनी हे कधी रडून सांगत नाही. पण एसटी देवगाव फाट्यावरून जायला लागली की बोलता बोलता गप्प होते आणि त्या खोलीकडं बघते. तिथं आता मोबाईलचं दुकान आहे.

बैठकीच्या दिवशी वहिनीनं सकाळपासून एकच सतरंजी तीनदा झटकली. पाव्हणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याचे मामा. मामा म्हणजे सगळी सूत्रं हातात असलेला माणूस, हे त्यांच्या बसण्यावरूनच कळलं. सगळ्यात जाड लोड त्यांनी स्वतःच ओढून घेतला. मुलगा सतरंजीच्या कडेला, मांडी घालून, हात गुडघ्यावर. मी आणि वहिनी दाराच्या पडद्याआड.

मानपान झाला, पाऊसपाणी झालं, तुरीचं झालं. मग मामा मुद्द्यावर आले. “लग्न झालं की पोरगी पुण्याला. पोरगा तिकडं सेटल हाय, तवा पोरीनं बी तिकडंच सेटल व्हायचं. बरोबर ना?”

“बरोबर,” दादा म्हणाला.

“न्हाई, ते रोपाचं काय तरी करती म्हणं ती.”

दादानं घसा साफ केला. मी पडदा मुठीत धरला. बोल, दादा. एकदा तरी बोल.

“करती,” दादा म्हणाला. “आवड हाय पोरीला.”

“हौस हाय तर ऱ्हाऊ द्या की,” मामा दिलदारपणे म्हणाले. “फ्लॅटला ग्यालरी हाय. लावंल चार कुंड्या.”

माझा पारा चढला. कुंड्या! जी पोरगी अर्ध्या तालुक्याच्या मिरचीची सुरुवात करून देते, तिला चार कुंड्या! वहिनीनं माझा हात धरला होता, पण मी तो कधी सोडवला ते मला कळलंच नाही. मी बाहेर गेले आणि सरळ सतरंजीच्या टोकाला बसले.

दादाचा चेहरा असा झाला की जणू बैलगाडी त्याच्या पायावरून गेली. आता तोंड उघडणं भागच होतं, आणि मला धड एवढंही सुचेना की पोरीची रोपवाटिका राहिली पाहिजे. मी सेटल या शब्दाबद्दल बोलायला लागले. बाकापासून! सेट्ल, मग समेटाचा दुसरा शब्द, मग सद्, सभासद, संसद. मी बोलत होते आणि मलाच कळत होतं की मी हे काय करतेय, पण उतारावर सुटलेल्या सायकलला ब्रेक लागेना. प्रसन्नपर्यंत पोचले तेव्हा मामांनी हात वर केला.

“बाई,” ते म्हणाले, “आज शाळंला सुट्टी न्हाई का?”

सगळे हसले. दादासुद्धा हसला, सुटका झाल्यासारखा. माझे कान तापले. फक्त मुलगा हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्याला पुढचं ऐकायचंय. उत्तर संपेपर्यंत ऐकतो, हे खरं होतं तर.

तेवढ्यात पुतणी चहा घेऊन आली. तिनं एकेकापुढं कप ठेवला, पाया पडली. आता वळायचं आणि आत जायचं. ती वळली नाही. रिकामा ट्रे भिंतीला टेकवून उभा केला, पदर सावरला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला.

“मला लग्न करायचंय,” ती म्हणाली. “ह्यांच्याशीच करायचंय. पण माझी रोपवाटिका ताडकळसला हाय, ती ताडकळसलाच ऱ्हाईल. ते कबूल असंल तर सुपारी फोडा.”

माझ्या सगळ्या बाक, संसद, प्रसन्न यांची गरजच नव्हती. पोरीनं चार वाक्यांत मिटवलं होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मामांनी कप खाली ठेवला. “पोरगी सोता येऊन अट घालायली,” ते मेहुण्याला म्हणाले. “अशी बैठक मी बघितली न्हाई. उठा दाजी.” आणि ते उठले. मुलाचे वडील गोंधळून अर्धवट उठले. दादा उठून हात जोडायला लागला, “बसा हो, पोरगी हाय, समजंल तिला.” मामा दारापाशी पोचले, एक चप्पल पायात सरकवली.

मुलगा उठला नाही.

“चल की रं,” मामा म्हणाले.

“मी बसलोय मामा,” तो म्हणाला. तेवढंच. मान खाली, कान लाल, हात अजून गुडघ्यावर. नंतर, जरा वेळानं, “परभणीला बी कंपन्या हायत. मी बघायलोय. आधीच सांगणार हुतो, पण मला कुणी विचारलंच न्हाई.”

मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, एवढं मात्र माझ्या हातून चांगलं झालं. मुलाचे वडील दोघांच्याही तोंडाकडं बघून हळूच परत खाली बसले. मामा उंबऱ्यात, एक चप्पल पायात, एक बाहेर.

आणि नेमका तेव्हा दादा घाबरला. सोयरीक हातची जाईल या धसक्यानं तो भराभर बोलायला लागला. दादा वाईट माणूस नाही, हे सांगायला हवं. पण ठरलेलं मोडू नये म्हणून तो स्वतःचा हातही कापून देईल, आणि आज हात पोरीचा होता. “असं करू,” तो म्हणाला, “आता लग्न होऊन जाऊ द्या. ते रोपाचं नंतर बघून घेऊ. दोघं अ‍ॅडजस्ट करतेलच की.”

पाव्हण्यांच्या माना हलल्या. मामांचाही चेहरा सैल झाला. नंतर बघून घेऊ, हे सगळ्यांनाच सोयीचं होतं. पुतणीनं मान खाली घातली. तिला कळलं होतं, मलाही कळलं होतं. नंतर म्हणजे कधीच नाही. ती आता शब्दकोशातल्या खालच्या ओळीवर, सेटल फॉरवर, येऊन उभी होती. आणि मी, जिचं तोंड कधी बंद होत नाही, ती सतरंजीच्या दशा ओढत बसले.

पडदा हलला. वहिनी बाहेर आली.

वहिनी या खोलीत रोज झाडू मारते, सतरंजी घालते, घडी करते. पण पाव्हणे बसलेले असताना ती इथं कधी बसलेली मी पाहिली नाही. ती आली आणि कुठं बसावं हे तिला कळेना. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग लेकीच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीपासून लांब, जिथं टेकायला काही नव्हतं तिथं बसली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला. बोलताना ती मामांकडं बघत नव्हती, दादाकडं बघत होती.

“माझ्या बैठकीत बी नंतर बघू म्हणले हुते,” ती म्हणाली. “माझी मशीन देवगाव फाट्याला ऱ्हायली. हिची रोपं कुठं जाणार न्हाईत. हे आत्ताच ठरवा, मग फोडा सुपारी.”

बाहेर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार बाजारापर्यंत ऐकू येत राहिला. दादा वहिनीकडं बघत होता. इतक्या वर्षांत त्यानं तिला मशीनचं कधी विचारलं नसणार.

“कबूल हाय,” मुलाचे वडील म्हणाले. आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. “आमच्या घरी बी एक मशीन धूळ खात पडलीय. ती कशापायी बंद पडली, आज जाऊन पोराच्या आईला विचारतो.”

मामांनी पायातली चप्पल काढली. परत येऊन आपल्या जागी बसले आणि तबक पुढं ओढलं. पुतणीनं माझा हात एवढा घट्ट दाबला की बांगडी रुतली. मुलगा हळूच तिच्याकडं बघून हसला आणि लगेच मान खाली घातली. मामा अडकित्त्यात सुपारी धरून थांबले होते, दादाच्या होकारासाठी.

दादा म्हणाला, “थांबा जरा.” तो उठला. स्वतःच्या पाठीमागचा लोड काढला, सतरंजीवरून चालत आला आणि वहिनीच्या पाठीशी नीट लावून दिला. मग तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, “हं, फोडा आता.”